डावा अंगठा नाही : एक

पाटी रंगवणारा अक्षरागणिक पैसे घ्यायचा,
म्हणून झ्योगोपुलोस या आमच्या आडनावातलं
आजोबांना परवडलं तेवढंच दारावर चढलं : झ्योगो.
उरलेलं अजून गल्ल्यात आहे, बाबा म्हणायचे.

ओहायो नदीच्या या वळणावर तेव्हा
पोलादाची भट्टी रात्रंदिवस जागी.
पाळी सुटल्याचा भोंगा झाला
की सात स्टुलांवर तीस माणसं.
आजोबा डावी बाही कोपरावर सारून
मनगटापासून वर सहा पाव मांडत,
आणि उजव्या हातानं सॉसेज, मोहरी, खिम्याचा रस्सा, कांदा
सरासर, पत्ते वाटावेत तसे.
हातावरच्या केसांचं काय, कुणी विचारलंच तर म्हणत,
ते तव्यानं खाल्ले, एकोणीसशे एकतीसमध्येच.

हॅम्बर्गर नंतरचा. तो फोतिनी आजीचा.
शिळा ब्रेड भिजवून, पुदिना चिरून,
तिच्या गावी गोळे करतात तसाच, फक्त थापून चपटा.
हे हिरवं काय, पहिल्या गिऱ्हाइकानं विचारलं.
आजीला इंग्रजी येत नव्हतं. तिनं उलथनं दाखवलं.
पुढे बारा वर्षं कुणी विचारलं नाही.

बाबांनी पुदिना काढला.
आजी आठ दिवस बोलली नाही.
पुदिना परत आला.

भट्टी विझली तेव्हा मी नववीत होते.
भोंगा गेला, तरी बाबा दुपारी तीनला
पन्नास पाव चिरून ठेवत
आणि दाराकडे पाठ करून उभे राहत.
किती सांगितलं. ऐकले नाहीत.
आता ते नाहीत, आणि तीन वाजता मी चिरते.
वीसच.

गेल्या मार्चात तवा बदलायला काढला.
मागच्या फटीत, चरबीनं काळ्या मेणकापडात,
वही. संपाच्या वर्षाची उधारी.
ग्रीक अक्षरं, पेन्सिल, आजोबांचा हात.
नावं कमीच. नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत.
लाल मफलर, तीन.
शिंकतो, एक.
दोघे भाऊ, भांडतात, धाकट्याच्या नावावर चार.
डावा अंगठा नाही, एक. घरी.
दुसऱ्या दिवशी पुन्हा, डावा अंगठा नाही, एक. घरी.
बहुतेकांवर काट मारलेली. ह्याच्यावर नाही.

मी सगळं इंग्रजीत उतरवून काउंटरच्या काचेखाली लावलं.
लोक हसले. शिंकणारा माझा मामा, एकजण म्हणाला,
आणि खरंच स्वतः शिंकला.

मग एका गुरुवारी, गर्दी ओसरल्यावर,
चाकांचा वॉकर ढकलत एक बाई आली.
काचेवर बोट ठेवून बराच वेळ उभी.
अंगठा रोलिंगच्या यंत्रात गेला होता, म्हणाली.
घरी यायचा तो माझा.
पोचेपर्यंत गार, कांदा कागदाला चिकटलेला.
मी कागदही चाटायची.
तो म्हणायचा, मी तिथेच पोटभर खाऊन आलो.

तिचं बोट 'एक'वर थांबलं.

मी म्हटलं, आजोबा सगळंच लिहीत नसत.
असेल, ती म्हणाली.
तिनं मान वर केली नाही.

किती दिवस? तिनं विचारलं.
मी मोजले. तेहतीस. पंधरा सेंटचा एक.
राहू द्या, हे शब्द तोंडाशी आले होते,
पण तिनं पर्स उघडली होती,
आणि ती पर्स मिटायला सांगणारी मी कोण.
तिनं पाच डॉलरची नोट काचेवर सरळ केली.
मी वही काढली, पेन्सिलीला टोक केलं,
तेहतीस ओळींवर तेहतीस रेघा ओढल्या.

मग गल्ला उघडला
आणि पाच सेंट परत दिले.
तिनं ते तळहातावर उलटून पाहिले,
आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकले.